मदत हवी आहे: लेकरांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्यायचंय

नमस्कार मंडळी, आमची औंढ्याजवळची जिल्हा परिषदेची शाळा, सातवी-आठवीची लेकरं घेऊन मुंबईला नेहरू विज्ञान केंद्र बघायला जायचंय. इकडं लायगो-इंडिया, म्हणजे ब्लॅकहोलच्या धडकेसारख्या घटनांतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी लेझरनं टिपणारी वेधशाळा होणार, तिच्या ४ किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, हे कळल्यापासून पोरं रोज डोकं खातात, की सर तिकडं अवकाशात ब्लॅकहोल धडकले तर आपल्या हिंगोलीत बसून कसं काय कळणार? मी फळ्यावर लेझर अन् आरसे काढून सांगतो, पण आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्याची पण चावी हेडसरांकडं. केंद्रात हात लावून, फिरवून, ओढून बघता येतं म्हणून तर एवढा खटाटोप. तिथलं सायन्स पार्क १९७९ चं अन् इमारत १९८५ ची, पण आमच्या गावातलं एकही लेकरू तिथं गेलेलं नाही.

आता विचारायचं असं, परभणीहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं निघून दादरला उतरायचं अन् लोकलनं महालक्ष्मी गाठायचं, हे सकाळच्या गर्दीत लेकरांसोबत जमंल का, की सरळ एसटी ठरवावी? सकाळी आंघोळ-तोंड धुवायची सोय अन् बॅगा कुठं ठेवायच्या? जिल्हा परिषद शाळांना तिकिटात सवलत मिळते का, कुणी घेतली असेल तर पत्र कसं दिलं ते सांगा. नेहरू तारांगण वेगळं हाय, ते त्याच दिवशी उरकतं का? जेवायला स्वस्तातलं काही जवळ असंल तर तेही टाका, डबे एकाच वेळेला पुरतील.