'डिसेमिनेट' म्हणजे फॉरवर्डच ना?

सचिव (ए-१०४): नमस्कार मंडळी. वॉर्ड ऑफिसकडून डेंग्यूचं पत्र आलंय, फोटो वर टाकलाय. कुंड्यांखालच्या थाळ्या, ड्रम, कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडे करायचेत. शेवटची ओळ अशी की ही माहिती सर्व रहिवाशांना 'डिसेमिनेट' करा आणि तसं लेखी कळवा. ग्रुपवर टाकलं म्हणजे झालं ना?

बी-३०१: माहिती थांबवा म्हणतायत का? डिसकनेक्ट, डिसमिस, डिसक्वालिफाय... पुढे डिस लागला की वाईटच बातमी असते.

बी-२०२ (जोशी मॅडम): दरवेळी नाही हो. इथला डिस 'चहूकडे' या अर्थाचा. डिस्ट्रिब्यूटमध्ये आहे तोच. पुढचा भाग लॅटिनमधल्या 'बी पेरणे'वरून आलेला. चहूकडे बी टाकणं, असा मूळ अर्थ. सेमिनारसुद्धा त्याच मुळाचा, तो मूळचा रोपवाटिकेचा शब्द.

सी-४०३: म्हणजे आमच्या ऑफिसात दर महिन्याला रोपवाटिका भरते आणि मागच्या रांगेतली रोपं झोपतात 😄

ए-३०२ (पाटील काका): मॅडम, पेरणी म्हणजे कुठली? आम्ही ज्वारी पाभरीनं पेरतो, बी ओळीत आणि ठरल्या खोलीवर पडतं. मेथी-कोथिंबीर मात्र वाफ्यात फोकून टाकतो, पडेल तिथं पडेल.

जोशी मॅडम: फोकून! काका, तुम्ही नेमकं धरलंत. आणि त्या फोकण्याला इंग्रजीत काय म्हणतात माहितीये? ब्रॉडकास्ट. १९२० च्या सुमारास रेडिओ आला तेव्हा शेतातला हा शब्द उचलून तिकडे नेला. आज आकाशवाणीच्या प्रसारणाला लावतो तो शब्द आधी तुमच्या वाफ्यातला होता.

पाटील काका: आमच्या आज्जीला हे सांगायला पाहिजे होतं.

सी-१०१: मग सर्क्युलेटमध्ये काय वाईट होतं? सोपा शब्द आहे.

जोशी मॅडम: सर्क्युलेटमध्ये 'फिरणं' आहे. वॉचमन नोटिशीची वही घेऊन दारोदार जातो, सह्या होतात, वही परत ऑफिसात येते, ते सर्क्युलेट. डिसेमिनेटमध्ये परत काही येत नाही, फक्त पसरतं. वापरताना दोन गोष्टी सांभाळा. पुढे 'अबाउट' लावू नका, थेट 'इन्फर्मेशन', 'नॉलेज' असं कर्म येतं आणि मग 'टू' किंवा 'अमंग'. आणि स्पेलिंगमध्ये एस दोनदा, एम एकदाच. घरगुती बोलण्यात हा शब्द शोभत नाही. 'मी लग्नाची बातमी डिसेमिनेट केली' म्हणालात तर लोक हसतील.

बी-४०२ (वकील): प्रॉपगेटही याच जातीचा. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, तिथे इंग्रजी पाठात हाच शब्द. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं त्यात येतं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. एका क्रियापदाच्या अर्थावर अख्खा निकाल. आणि अध्यादेश असेल तर प्रॉमल्गेट, मराठीत 'प्रख्यापित'. तो मान आपल्या सचिवांना नाही.

सचिव: पार्किंगचा नियम प्रख्यापित करायची फार इच्छा आहे हो.

सी-३०४ (डॉक्टर): आमच्याकडे हा शब्द चांगला नाही. डिसेमिनेटेड टीबी म्हणजे जंतू रक्तावाटे शरीरात ठिकठिकाणी पसरलेला क्षयरोग.

बी-३०१: डॉक्टर, मी म्हटलं नव्हतं वाईट बातमी असते म्हणून!

सी-१०१: मुद्द्यावर या. ग्रुपवर टाकलं की काम झालं का? तळमजल्यावरच्या आजी ग्रुपवर नाहीत. ए-४०१ चे भाडेकरू नाहीत. डी विंगच्या निम्म्या लोकांनी ग्रुप म्यूट केलाय, हे मी डी विंगमध्ये राहणाऱ्या बहिणीकडून सांगतेय.

पाटील काका: फोकायचं तर सगळ्या वाफ्यात. अर्धा कोरडा ठेवून कसं चालेल?

जोशी मॅडम: बरोबर. पत्रात 'सर्व रहिवाशांना' लिहिलंय. ग्रुपवर टाकणं हा त्यातला एक भाग झाला. पण लोकांनी वाचलं का, ड्रम रिकामे केले का, याची हमी या क्रियापदात नाही. ती त्यांनी मागितलेली नाही, आपणही लिहून देऊ नये.

सचिव: मग असं करतो. मराठी आणि हिंदीत एक पान, चारही लिफ्टमध्ये आणि फलकावर. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्याकडे वॉचमन वही घेऊन जाईल. उत्तरात काय लिहू?

वकील: जे केलं तेच. ग्रुपवर पाठवली, फलकावर लावली, घरोघरी दाखवली, तारखांसह. नुसतं 'डिसेमिनेटेड' लिहिलं तर उद्या कोणी विचारेल, कसं?

सी-१०१: ताई म्हणतेय, डी विंगच्या लिफ्टमध्ये जुन्या होळीची नोटीस अजून आहे. आधी ती काढा.