मदत हवी आहे: लांबच्या राइडनंतर करंगळी बधिर

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमच्या ग्रुपची ठाणे ते नाशिक आणि पुढे अशी चार दिवसांची सायकल टूर आहे. तालीम म्हणून परवाच्या रविवारी आठ जण पहाटे पाचला माजिवड्याहून निघालो, इगतपुरी गाठायला, सुमारे १०० किलोमीटर. पडघ्यापर्यंत मजेत. शहापूरला मिसळ हाणली (ती चूकच होती, पण तो वेगळा विषय). खर्डीच्या पुढे उजवी करंगळी आणि शेजारचं बोट झिणझिणू लागलं. कसारा घाटात पाय ठीक होते, हातांचीच वाट लागली. वर पोचल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना, शेवटी ग्रुपमधल्या काकांनी उघडून दिलं. वय ६२, आणि माझ्या आधी पोचून चहा पीत बसलेले!

आज चौथा दिवस, शर्टाचं बटण लावताना अजून अडखळतं. डॉक्टर म्हणाले, तळहाताच्या कडेने जाणारी अल्नर नस दबलीय, आठ-दहा दिवस सायकल बंद. ते ठीक. पण मूळ कारण? माझी हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधली) सायकल आहे, सरळ हँडल. सीट हँडलपेक्षा वर आहे आणि तिचं नाक किंचित खाली झुकलंय, त्यामुळे सगळा भार तळव्यांवर येतो असा मला संशय आहे. आधी सीट सपाट करू की हँडल वर घेऊ? बार-एंड (हँडलच्या टोकांना लावायच्या जादा मुठी) लावून कुणाला फरक पडला का? जेलचे ग्लोव्ह्ज आहेतच, उपयोग शून्य. ठाणे-कळवा-ऐरोली पट्ट्यात सायकलवर बसवून, मापं घेऊन फिटिंग करणारं कुणी असेल तर तेही सांगा. पैसे गेले तरी चालतील, टूर रद्द करायची नाहीये.