स्नेहसंमेलनातले फोटो त्याच संध्याकाळी पडद्यावर

नमस्कार मंडळी,

यंदा स्लाइडशोचं काम माझ्या गळ्यात पडलंय. समितीची इच्छा अशी, की लोकांनी त्याच संध्याकाळी मोबाइलवर काढलेले फोटो तिथल्या तिथे पडद्यावर दिसावेत. साधारण १५० माणसं येतील. मला सुचलेला मार्ग साधा आहे: सगळ्यांनी फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे, मी ते लॅपटॉपवर उतरवून दाखवत राहीन. यात काही चुकतंय का? पूर्वी ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं. (नाटकाच्या तालमींची चर्चा कृपया त्या धाग्यातच राहू दे.)

समितीतली नवी भरती

*

अगं, चुकतंय! मी एकदा हेच करून बसलोय.

१५० जणांच्या ग्रुपवर फोटो कमी आणि ‘गाडी कुठे लावायची?’ जास्त. त्यातून फोटो वेचता वेचता कार्यक्रम संपला, मी काही पाहिला नाही. व्हॉट्सॲप फोटो बारीक करतं अशी लोकांची तक्रार असते, पण पडद्यासाठी त्याने फारसं बिघडत नाही. साधा प्रोजेक्टर १९२० बाय १०८० चा, म्हणजे जेमतेम २० लाख ठिपके. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो त्याच्या सहापट. खरी खोच वेगळीच आहे. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो काढल्याची वेळ हरवून येतो. मग क्रम लागतो तो फोटो कोणी कधी पाठवला त्याचा, आणि समारोपानंतर स्वागत सुरू होतं.

त्यापेक्षा सामायिक अल्बम कर आणि त्याचा क्यूआर कोड छापून टेबलांवर ठेव. गुगल फोटोजच्या अल्बममध्ये २०,००० फोटो मावतात, तेवढे काही येणार नाहीत. ॲपलच्या सामायिक अल्बममध्ये मात्र १०० जणांनाच घेता येतं, तेव्हा तो आपल्या कामाचा नाही. गुगलमध्ये फोटो घालायला गुगलचं खातं लागतं. ज्येष्ठांपैकी काहींना पासवर्ड आठवत नाही, त्यांच्यासाठी एक जण केबल घेऊन बसवावा.

आता हिशेब कर. प्रत्येकी १० फोटो म्हणजे १५०० झाले. एक फोटो ३ एमबीचा धरला तरी साडेचार जीबी. सभागृहाच्या वायफायवर अपलोडला सगळ्यांत मिळून १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट, म्हणजे सव्वा एमबी) मिळाला, तर नुसतं चढवायलाच तास जाईल, आणि ते दीडशे जण त्याच वेळी दुसरं काही करत नसतील तर! म्हणून प्रत्येकाने फक्त तीन फोटो द्यायचे, असं माइकवरून सांगायचं. तरी ४५० होतात. पाच सेकंदांना एक दाखवला तर साडेसदतीस मिनिटं. एवढे पुरेत.

लॅपटॉपवर दोन फोल्डर कर, ‘आलेले’ आणि ‘दाखवायचे’. पडद्यावर जाईल ते दुसऱ्यातलंच. चालू स्लाइडशोत नवा फोटो टाकला की तो आपोआप येतो की पुन्हा सुरू करावं लागतं, हे घरी तपासून ठेव. प्रत्येक प्रोग्रॅमची तऱ्हा वेगळी.

फोटो आडवे पडण्याचंही बघ. मोबाइल कसा धरला होता याची नोंद फोटोसोबत असते, पण काही जुने प्रोग्रॅम ती वाचतच नाहीत. मागच्या खेपेस एका आजोबांचा भाषण करतानाचा फोटो आडवा आला. निम्मं सभागृह माना वाकड्या करून बघत होतं. आजोबासुद्धा.

आयफोनचे फोटो २०१७ पासून एचईआयसी प्रकारात येतात. विंडोजवर ते उघडणारी जोडणी (एक्स्टेन्शन) आहे का ते आधीच बघ, नसेल तर बसवून घे, नाहीतर ते उघडायचेच नाहीत. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: लॅपटॉपवरच्या सूचना बंद कर, त्याला झोपायला देऊ नकोस, आणि विंडोजची कळ व पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवड, म्हणजे लॅपटॉपवर एक आणि पडद्यावर दुसरं दिसेल. माझ्या बँकेचा ओटीपी सगळ्यांनी वाचलाय.

मागच्या वेळचा लॅपटॉपवाला

*

भाऊजी, यंत्राचं सगळं कळलं, पण ‘दाखवायचे’मध्ये काय घालायचं ते कोण ठरवणार? गेल्या वेळी माझी भली मोठी जांभई पाच सेकंद पडद्यावर होती. माझं जाऊ दे, मी म्हातारी. पण आमच्या सुनेला नातीचे फोटो अल्बममध्ये नको आहेत. लिंक एकाने पुढे पाठवली की कोण कोण बघेल, त्याला धरबंध नाही.

एक आजी

*

वहिनी, जांभईची क्षमा मागायची राहून गेली होती, आता मागतो.

पडद्यावर दिसणं आणि अल्बममध्ये राहणं या दोन गोष्टींची परवानगी वेगवेगळी घेऊ. मुलांचे फोटो आई-बापांना विचारूनच घ्यायचे. कार्यक्रमानंतर आठवड्याभराने लिंकवरून मिळणारा प्रवेश बंद करायचा. त्याआधी ज्यांनी उतरवून घेतले, त्यांच्यापुढे इलाज नाही.

निवडायला मात्र तरुण पोराला बसवू नका. त्याने लॅपटॉप चालवावा. कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणाच्या घरात नुकतंच काय घडलंय, कोणाच्या शेजारी उभा असलेला माणूस आता तिचा नवरा राहिलेला नाही, यातलं त्याला काय ठाऊक? तो फोटो छान आला म्हणून लावून मोकळा होईल. वहिनी, तुम्ही बसा त्याच्याजवळ. तुम्हाला सगळ्या मंडळाचं माहीत असतं.

*

टोमणा समजला. बसते. चष्मा आणते, खुर्ची पाठीची हवी.

*

काका, मावशी, खूप आभार. अल्बम आज रात्री उघडते, क्यूआर कोड शनिवारी छापून घेते. माझ्या लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक नाही, फक्त यूएसबी-सी आहे. ॲडॉप्टर लावला की चालेल ना?

*

सगळ्या यूएसबी-सीमधून चित्र बाहेर येत नाही, काहींतून नुसतं चार्जिंग होतं. आधीच एखाद्या टीव्हीला लावून बघ. लांब एचडीएमआय केबल मंडळाची होती, मागच्या कार्यक्रमानंतर ती कोणाच्या घरी गेली ते कळवावं. काळी आहे, एका टोकाला लाल चिकटपट्टी.