मदत हवी आहे: ‘ट्रेझरी’ आकाराचे जुने कॉमिक्स दमट हवेत कसे जपावेत?

नमस्कार मंडळी,

मामांनी अमेरिकेत असताना जमवलेले १९७०च्या दशकातले काही ‘ट्रेझरी’ आकाराचे कॉमिक्स आता माझ्याकडे आले आहेत. मी मुंबईत राहतो आणि पावसाळ्याच्या आत त्यांची नीट व्यवस्था लावायची आहे. हे अंक सुमारे १० इंच रुंद आणि साडेतेरा इंच उंच असल्यामुळे नेहमीच्या कॉमिक्सच्या पिशव्या त्यांना पुरत नाहीत आणि ए४ फोल्डरमध्येही ते मावत नाहीत.

डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशन संस्थेने १९७२मध्ये ‘लिमिटेड कलेक्टर्स एडिशन’ या नावाने हा आकार आणला, तर १९७४मध्ये तिची प्रतिस्पर्धी असलेल्या मार्व्हलने स्पायडरमॅनपासून आपली मालिका सुरू केली. बऱ्याच अंकांत जुन्याच कथा पुन्हा छापलेल्या असत, पण म्हणून त्यांना कमी लेखू नये. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून चित्रकार साधारण १० बाय १५ इंचांच्या चौकटीत पान काढत असल्याने, नेहमीच्या अंकात आक्रसलेली रेषा इथे जवळजवळ मूळ मापात पाहायला मिळते.

माझी मुख्य काळजी नील अ‍ॅडम्स यांनी चितारलेल्या १९७८च्या ‘सुपरमॅन विरुद्ध मुहम्मद अली’ या अंकाची आहे. त्याच्या मुखपृष्ठावरची नामवंतांची गर्दी मलपृष्ठापर्यंत पसरलेली आहे आणि नेमक्या मधल्या घडीवर रंगाचे पापुद्रे सुटू लागले आहेत. आतला न्यूजप्रिंट कडांनी पिवळा पडला आहे. एका दुकानदाराने लॅमिनेशन सुचवले, पण ते पुन्हा काढता येत नसल्याने माझी तयारी नाही.

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचे (ज्यात सुपरमॅन प्रथम अवतरला) १९७४चे मोठे पुनर्मुद्रणही संग्रहात आहे. त्याचे बाहेरचे जाड वेष्टन काढून फ्रेम करावी, असे घरचे म्हणतात. मात्र आत जुने मुखपृष्ठ जसेच्या तसे छापलेले असल्यामुळे, वेष्टन काढलेल्या अशा प्रती १९३८च्या मूळ अंक म्हणून लोकांच्या गळ्यात मारल्या गेल्या आहेत. तेव्हा ते वेष्टन मी मुळीच वेगळे करणार नाही.

हे अंक ए३ आकाराच्या पॉलिएस्टर पाकिटांत, मागे आम्लविरहित पुठ्ठा देऊन, आडवे ठेवण्याचा विचार आहे. आडवे ठेवताना एकावर एक किती अंक रचले तर खालच्याच्या घडीवर ताण येणार नाही? दमट हवेत पाकिटाचे तोंड बंद करावे की उघडे ठेवावे? कसर लागू नये म्हणून कपाटात डांबरगोळ्या ठेवल्यास शाईवर परिणाम होतो का? आणि ए३ मापाचा आम्लविरहित पुठ्ठा मुंबई-पुण्यात कुठे मिळतो, हे कोणी स्वतः आणला असल्यास कृपया कळवावे.