भाकरीच्या जेवणात कॅलरी कशा मोजाव्यात?

प्रश्न (खानापूर): वजन कमी करण्यासाठी आहाराची नोंद ठेवायची आहे, परंतु आमच्या घरी रोज ज्वारीची भाकरी, आमटी आणि भात असल्याने मोजणी नेमकी कोठून सुरू करावी, हे कृपया सांगावे.

उत्तर (बेळगाव): ताई, भाकरी थापण्यापूर्वी कोरडे पीठ काट्यावर मोजावे, कारण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३५० कॅलरी असतात, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण १७५, पाण्याने वजन वाढते, कॅलरी नव्हे. फोडणीचे तेल मात्र अवश्य मोजावे. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात आणि मी महिनाभर नेमके तेच लिहायचे विसरत होते.

उत्तर (निपाणी): पहिला आठवडा काहीही न बदलता केवळ लिहून ठेवावे, कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) खाल्ल्यास तोही. मधुमेहाची औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.