मदत हवी आहे: लेकीला इंग्लिशचे टेन्स पाठ आहेत पण वाक्यात चुकतात

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावचे, वडगाव भागातले. लेक मराठी मीडियमला दहावीत आहे, बाकी विषयांत बरी आहे पण इंग्लिशचे टेन्स आले की रडकुंडीला येते. तक्ता तिला तोंडपाठ आहे हो, गो वेंट गॉन, राइट रोट रिटन, झोपेतून उठवून विचारा सांगेल. बारा काळांची नावंपण घडाघडा म्हणते, आणि स्वतःचं वाक्य लिहायला घेतलं की सगळं विसरल्यासारखं करते.

काल रात्री जेवणं आवरून तिची वही घेऊन बसले. मीपण मराठी मीडियमचीच, बारावी झालेली, त्यामुळं चूक आहे एवढं कळतं पण का चूक आहे ते सांगता येत नाही. बाईंनी लाल पेनानं गोल केलेली वाक्यं जशीच्या तशी देते:

आय डिड नॉट वेंट टू स्कूल.
इट इज रेनिंग फ्रॉम मॉर्निंग.
आय हॅव सीन हिम यस्टरडे.

मी म्हटलं वेंट नाही, गो लिही. तर म्हणते, "मम्मी, मी शाळेला गेले नाही ही कालची गोष्ट आहे ना, मग गो कसं? गो म्हणजे तर जाते." मी गप्पच बसले. नियम आहे म्हणून सांगितलं की ती मान हलवते आणि पुढच्या पानावर परत तीच चूक. तिला कारण कळलं तरच डोक्यात बसतं, तसा स्वभावच आहे. क्लास लावून बघितला, तिथं तोच तक्ता परत लिहून घेतात. तर ही तीन वाक्यं का चुकली हे मराठीतून कोणी समजावून सांगाल का?

*

खानापूरकर:
ताई, मुलीला कन्नड येतंय ना, मग पहिलं वाक्य कन्नडातूनच समजावा. मी गेलो म्हणजे "नानु होदे". आता गेलो नाही म्हणायचं तर "होदे इल्ल" असं कोण म्हणतं का? नाही, आपण "होगलिल्ल" म्हणतो. म्हणजे होदेमधला भूतकाळ गेला आणि क्रियापद परत आपल्या मूळ "होगु"कडं आलं. इंग्लिशमध्ये अगदी हेच होतंय, भूतकाळ डिडनं उचलला की वेंटला काम उरत नाही, ते गो होतं. घोटाळा मराठीमुळं होतोय कारण आपण "गेले" तसंच ठेवून नुसतं "नाही" लावतो, म्हणून पोरं वेंट तसंच ठेवतात. फक्त प्रश्न विचारताना कन्नडाचा उपयोग नाही, तिथं "होदेया" असंच विचारतात, त्यामुळं डिड यू गो हे वेगळं घोटून घ्यायला लागेल.

*

निपाणीची शिक्षिका:
वरचं उत्तर मी उद्याच वर्गात वापरणार आहे. दुसऱ्या वाक्याचं मी सांगते. "पाऊस पडूलाय" आणि "सकाळपासून पाऊस पडूलाय", आपल्या बोलीत दोन्हीकडं पडूलायच. इंग्लिशला मात्र तेवढं पुरत नाही. आत्ता पडतोय एवढंच सांगायचं असेल तर इज रेनिंग, पण कधी सुरू झाला किंवा किती वेळ चाललाय तेपण सांगायचं असेल तर हॅज बीन रेनिंग. मुलीला म्हणावं वाक्यात "पासून" आलं की सिन्स, "झाले" आलं की फॉर. सकाळपासून म्हणजे सिन्स मॉर्निंग, दोन तास झाले म्हणजे फॉर टू अवर्स. पासूनचं शब्दाला शब्द फ्रॉम केलं म्हणून तिचं चुकलंय.

तिसरं जरा अवघड आहे, आणि इथं कन्नडपण मदतीला येत नाही. "काल बघितलंय त्याला" हे मराठीत चालतं, "निन्ने नोडिद्देने" कन्नडात चालतं, इंग्लिशमध्ये चालत नाही. हॅव लावलं की त्या गोष्टीची नाळ आत्ताशी जोडलेली पाहिजे. आय हॅव सीन हिम म्हणजे बघितलाय, ओळखते त्याला. यस्टरडे म्हटलं की तो वेळ संपला, नाळ तुटली, मग साधं आय सॉ हिम यस्टरडे. टुडे चालतं कारण आजचा दिवस अजून चालू आहे. मी मुलांना "कधी?" असं विचारायला लावते. उत्तर वाक्यातच असेल आणि तो वेळ सरलेला असेल तर हॅव काढायचं. आणि ताई, बारा काळांची नावं सध्या बाजूला ठेवा, ती म्हणून मुलांना बोलता येत नाही हे मी इतकी वर्षं बघतेय.

*

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी भाकरी थापता थापता तिला होदे आणि होगलिल्ल सांगितलं, तर पोरगी एकदम उभीच राहिली आणि आपणहून म्हणाली, "म्हणजे ऊट माडलिल्लसारखं, आय डिड नॉट ईट!" नंतर वहीत नऊ वाक्यं लिहिली, डिडची सगळी बरोबर, सिन्स आणि फॉरमध्ये एक चुकलं, हॅवची अजून अडखळत लिहिते.

आता तिनंच एक नवीन विचारलंय. शाळेची वेळ झाली म्हणून मी हाक मारली तर आतनं "आले आले" म्हणाली, आणि वेणी अर्धी सोडून बाहेर येऊन विचारते, "मम्मी, हे आय केम का? पण मी तर अजून आतच होते." आय ॲम कमिंग म्हणतात एवढं मी सांगितलं. पण आलेलं नसताना आपण मराठीत "आले" का म्हणतो, हे तिला संध्याकाळपर्यंत सांगायचं कबूल केलंय. कोणाला माहीत असेल तर सांगा.