मुलाचा पगार हे वडिलांचे उत्पन्न कसे?

माणदेशी: माझे चुलते एकाहत्तर वर्षांचे असून माण तालुक्यात त्यांची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. मुलगा पुण्यात नोकरी करतो, परंतु शिधापत्रिकेवर त्याचे नाव अजून गावीच असल्याने कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या श्रावणबाळ योजनेच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेले आणि अर्ज नामंजूर झाला. मुलगा कधी दोन-तीन हजार पाठवतो, कधी घराच्या हप्त्यांमुळे काहीच पाठवू शकत नाही. चुलती वर्षातला बराच काळ नात सांभाळायला त्याच्याकडेच असते. आता तो म्हणतो की जमीन बक्षीसपत्राने माझ्या नावावर करा, म्हणजे कर्ज काढून विहीर पाडता येईल. चुलत्यांनी ते करावे का? आणि जो पैसा हाती पडतच नाही, तो शासन त्यांचे उत्पन्न कसा मानते?

सातबारा: आधी जमिनीविषयी. ती वडिलोपार्जित असेल तर मुलींचाही त्यात जन्मतः हिस्सा आहे, आणि तो चुलत्यांना परस्पर बक्षीस देता येणार नाही. स्वकष्टार्जित असेल तर मुलाच्या नावे शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क जेमतेम २०० रुपये लागते, आणि या स्वस्ताईमुळेच लोक घाई करतात. करायचेच असेल तर ‘मुलाने आईवडिलांचा सांभाळ करावा’ ही अट दस्तातच लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे अशी अट मोडल्यास दस्त रद्द करून घेता येतो, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगितले आहे. तरीही माझे मत मृत्युपत्राच्या बाजूने आहे, कारण ते हयातीत केव्हाही बदलता येते. त्याच कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मागता येते. पण पोराविरुद्ध प्रांतांकडे जायला आपल्याकडे किती बाप तयार होतात, हे आपण जाणतोच.

स्टुटगार्टकर: दुसऱ्या प्रश्नाविषयी. जर्मनीतही मुले आईवडिलांना बांधील असतात, परंतु २०२० पासून ज्या मुलाचे वार्षिक उत्पन्न एक लाख युरोपेक्षा अधिक आहे, त्याच्याकडूनच सरकार वृद्धाश्रमाचा खर्च वसूल करू पाहते. बाकीच्यांचा भार करातून उचलला जातो. निवृत्तिवेतन आजच्या कामगारांच्या वर्गणीतून दिले जाते: पगाराच्या १८.६ टक्के, निम्मे कामगाराचे, निम्मे मालकाचे. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे ते वाढवणाऱ्या पालकाच्या खात्यावर तीन वर्षांची वर्गणी जमा धरली जाते, आणि आजारपणात-म्हातारपणात काळजी घेण्याचा खर्च देणाऱ्या शुश्रूषा विम्यात निपुत्रिकांना जास्त हप्ता भरावा लागतो. म्हणजे मूल वाढवणे हे पुढच्या पिढीतील वर्गणीदार घडवणे आहे, असे इथले शासन हिशेबात मांडते. व्यवस्था आदर्श नाही. वर्गणीदार कमी होत चालल्याची तक्रार इथे रोजची आहे.

माहेरवाशीण: जर्मनीशी तुलना करताना एक फरक विसरू नये. तिथे कामगाराची वर्गणी पगारातूनच कापली जाते. आपल्याकडे बहुतेक शेतकरी आणि मजूर यांची वर्गणीच नसल्याने जे मिळते ते साहाय्य म्हणून, तेही पात्रता तपासून. श्रावणबाळचे आज दरमहा १,५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ५०. कायदा मुलाला जबाबदार धरतो आणि शासन त्याने ती पार पाडली असे गृहीत धरते. या दोन्हींमधल्या फटीत चुलते अडकले आहेत. माझ्या मते उत्पन्न मोजायचेच असेल तर मुलाने प्रत्यक्षात दिलेले तेवढेच मोजावे.

दुसरे असे की मुलगा पैसे पाठवत नाही एवढेच आपण पाहतो, पण चुलती नात सांभाळते म्हणून त्या घराचा पाळणाघराचा खर्च वाचतो आणि सूनबाई नोकरी करत असेल तर तिचा पगार टिकतो. ही रक्कम वरून खाली, म्हणजे म्हाताऱ्यांकडून तरुणांकडे जाते, आणि ती उत्पन्नाच्या कोणत्याच दाखल्यात येत नाही. बक्षीसपत्राची बोलणी होतील तेव्हा ही गोष्ट मुलासमोर स्पष्टपणे मांडावी आणि मुलींनाही बैठकीला बोलवावे. विवाहित मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच ठरवले आहे. हक्कसोडपत्रावर सही हवी तेव्हा बहिणी आठवतात. मग जमिनीचा निर्णयही त्यांना विचारूनच व्हायला हवा.

माणदेशी: जमीन वडिलोपार्जितच आहे, त्यामुळे बक्षीसपत्राचा विषय तूर्त थांबवला आहे. मुलाचे नाव पुण्याच्या शिधापत्रिकेवर नेऊन उत्पन्नाचा नवा दाखला काढता येतो का, याची तहसील कार्यालयात चौकशी करतो.